कन्हानच्या डोहावरचा चारा

आधीच सांगून टाकतो, भूतबित असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. असणार कसा? मी स्वतः भूत होतो! आमच्या हौशी नाटकमंडळीत माझं अंग किडकिडीत आणि आवाज खर्जातला, त्यामुळे नाटकात भूत आलं की दिग्दर्शक न बोलता माझ्याकडे बोट करायचा. तोंडाला पांढरी पावडर, वरून हिरव्या कागदाचा लाइट, आणि विंगेत बिडी ओढत एन्ट्रीची वाट पाहणारा मी. ज्यानं स्वतःच्या हातानं भुताची बिडी विझवली आहे, त्याला तुम्ही कसलं भूत दाखवता? तुमच्या या सदरातल्या पांढऱ्या साड्या आणि उलटी पावलं मी दर महिन्याला चहासोबत मिटक्या मारत वाचतो. बायकोला मोठ्यानं वाचूनही दाखवतो... आवाज बदलून, हातवारे करून. ती हसत नाही.

का हसत नाही, ते आज लिहितो.

माझ्या गोष्टीत अमावस्या नाही, वड नाही, विहीर नाही. भर उन्हातली गोष्ट आहे. तीही नागपूरच्या उन्हातली, जिथे भूत आलंच तर आधी डोक्याला दुपट्टा बांधून येईल. एकोणीसशे सत्तरनंतरची सुरुवातीची वर्षं होती. मी महाल भागात राहायचो, सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो, आणि कुंदा आमच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करायची. माझं वाक्य मी विसरलो की विंगेतून तिचा आवाज यायचा. मग मी मुद्दाम विसरायला लागलो. पुढचं तुम्ही समजून घ्या.

अडचण एकच होती. कुंदाचे वडील. आबाजी.

आबाजी रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. अजनीला राहायचे. मिशा जाड, आवाज इंजिनाचा, आणि नियम म्हणजे नियम. लाल आणि हिरवी झेंडी त्यांनी रिटायर झाल्यावरही बैठकीच्या खोलीत खुंटीला लावून ठेवली होती. पहिल्या भेटीत मी समोर बसलेलो असताना त्यांनी मला काहीच विचारलं नाही. सगळं कुंदाला विचारलं.

"काय करते हा पोट्टा?"

"ऑफिसात आहे, आबा."

"ते समजलं मले. सायंकाळी काय करते?"

"नाटकात काम करते."

"काय होते? राजा?"

कुंदानं माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "भूत."

आबाजींनी कप बशीत ठेवला. बशी टेबलावर ठेवली. मग शांतपणे म्हणाले, "कुंदे, म्हणजे मी तुले भुताच्या घरी धाडू काय वं?"

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'नाटक्या' झालो. मी दारात दिसलो की ते पेपर तोंडासमोर धरायचे. एकदा तो पेपर उलटा होता. मी तसं सांगितलं. ती माझी चूक झाली.

आता या माणसाला जगात एकच गोष्ट आवडायची, नदीवर गळ टाकणं. धंदा म्हणून नाही, शौक म्हणून. कुण्या मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या साहेबाकडून मिळालेली एक विलायती काठी होती त्यांच्याकडे, पितळी रीळवाली. दर रविवारी ते ती घेऊन स्कूटरवर खापरखेड्याकडे, कन्हान नदीवर जायचे. आणि त्या उन्हाळ्यात त्यांचं नशीब असं काही फळफळलं होतं की अजनीत चर्चा होती. दर रविवारी रोहू. एकाच डोहावर, एकाच दगडावर बसून. आणि कुंदा मला सांगायची, "मागच्यापेक्षा मोठा आहे." पुढच्या रविवारी पुन्हा, "मागच्यापेक्षा मोठा आहे." आबाजी मासा हातात धरून आधी गल्लीभर मिरवायचे आणि मग शेजाऱ्यांना वाटायचे. शेजारी माझ्यापेक्षा सुखी होते.

एका शनिवारी त्यांनी मला बोलावणं धाडलं. मी गेलो. ते ओसरीवर बसून चारा मळत होते.

चारा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. शेंगदाण्याची ढेप, म्हणजे तुमची पेंड, भाजलेलं बेसन, हिंग, आणि आणखी काय काय घालून त्यांनी एक गोळा केला होता, ज्याच्या वासानं मला खोकला आला. हे गोळे गळाला लावायचे नसतात. आठवड्याच्या मध्येच जाऊन, गळ न टाकता, नुसते एका ठरलेल्या जागी पाण्यात टाकून यायचे. मासे येतात, खातात, काही होत नाही. पुन्हा येतात, पुन्हा काही होत नाही. मग रविवारी थोडे टाकून तुम्ही त्याच जागी गळ घेऊन बसायचं.

"मासा लालची नसते बे," आबाजी गोळा वळत म्हणाले, "मासा सवयीचा असते. त्याले सवय लावाची. इथं फुकट भेटते, इथं भेटते, इथं भेटते... अन् एक दिवस गळ. समजलं?"

"समजलं."

"तुले तोंड बंद ठेवता येते काय?"

"येते."

"हे बोललाच ना बे!" त्यांनी चाऱ्याचा हात माझ्या नाकासमोर नाचवला. "ऐक आता. उद्या माह्यासंगं नदीवर चाल. सूर्य डोक्यावर येईस्तोवर गप बसाचं. बसला, तं हिरवी झेंडी. पोट्टी तुही. नाही बसला, तं लाल. अन् दुसरी गोष्ट. लागलेल्या माशाले दुसऱ्याचा हात नाही. ज्याची काठी त्याची दोरी, ज्याची दोरी त्याचा मासा. मी मरून राहिलो तरी माह्या दोरीले हात नाही लावाचा. लावला, तं अजनीचा रस्ता विसर."

हा नियम त्यांनी माझ्यासाठी काढलेला नव्हता बरं. गळ टाकणाऱ्यांत तो पक्का असायचा. कुणाच्या गळाला मासा लागलेला असताना दुसऱ्यानं दोरीला बोट जरी लावलं, तरी वर्षानुवर्षांची मैत्री तुटल्याची उदाहरणं आबाजी नावानिशी सांगायचे.

निघताना कुंदा फाटकापर्यंत आली. "मी प्रॉम्प्टिंगला नाही राहणार तिथं," ती हळूच म्हणाली. "उद्या तुमाले एकच पार्ट आहे... मुक्याचा. अन् आबांच्या काठीले हात नका लावू. पाया पडते तुमच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबाजींच्या मागे स्कूटरवर मी. एका हातात काठ्या, मांडीवर चाऱ्याचा डबा, नाकात हिंग. रस्ताभर ते मला बोलत होते आणि मला उत्तर द्यायची मनाई होती. असा आनंद त्यांना फार वर्षांत मिळाला नसावा. माझे केस, माझा बुशशर्ट, माझे वडील, कुणालाही सोडलं नाही.

खापरखेड्याच्या पॉवर हाऊसच्या चिमण्या मागे टाकून, एका पांदणीनं आम्ही नदीवर उतरलो. उन्हाळ्यानं कन्हान आटून डोहाडोहांत बसली होती. मधे वाळू, बाजूला वाळू. आबाजींचा डोह मात्र काळाशार भरलेला. आमच्या बाजूला एक सपाट दगड, पाण्याला लागून. पलीकडचा काठ म्हणजे मातीची उभी भिंत, तिच्यावर करंजाची झाडं आणि टणटणीची दाट झुडपं. डाव्या हाताला, थोडं खाली, पलीकडच्या भिंतीला एक खिंडार होतं आणि तिथे पाणी उथळ होऊन वाळूला लागत होतं. डोहाची रुंदी एवढी, की हाक मारली तर पलीकडे पोचेल, पण दगड मारला तर अर्ध्यात पडेल. ही मापं लक्षात ठेवा.

आबाजी दगडावर बसले. अंबाझरी तलावावर एकदा त्यांना डुलकी लागली होती, आणि माशानं त्यांची जुनी काठी ओढून नेली होती. तेव्हापासून ते काठीच्या बुडाला सुतळी बांधायचे आणि तिचा फास स्वतःच्या डाव्या मनगटात घालायचे. आताही घातला. "आता काठी पाहिजे असन, तं गार्डालेही घेऊन जा लागन," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

मला एक बांबूची काठी देऊन त्यांनी बाजूला बसवलं. मी गप्प. खरंच गप्प! आयुष्यातला सर्वोत्तम अभिनय.

पहिली विचित्र गोष्ट मीच पाहिली, आणि मला बोलायची बंदी. दगडाजवळच्या उथळ पाण्यात आबाजींनी गुरुवारी टाकलेले चाऱ्याचे गोळे तसेच पडले होते. फुगलेले, बुरसटलेले, पण अख्खे. एकालाही कुणी तोंड लावलेलं नव्हतं. मी बोटानं दाखवलं. आबाजींनी पाहिलं. कपाळाला आठी पडली.

"काहून खाल्ला नाही बे यानं?" ते मलाच रागावले, जणू मी खायला हवा होता. "अन् नाही खाल्ला, तं दर रविवारी येऊन काहून राहिले मासे?"

उत्तर मिळायच्या आत त्यांची काठी वाकली.

रोहू होता. त्या उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा. पण तो लढला नाही. एवढा मोठा मासा, ओल्या पोत्यासारखा नुसता ओढला गेला. काठावर आल्यावर आबाजींनी गळ काढला आणि थबकले. माशाच्या ओठाला गळ लागला होता त्याच्या शेजारी आणखी एक भोक होतं. जुनं, गोल, कडा भरून आलेल्या. कानातल्या भोकासारखं.

"कोणाच्या गळावरून सुटलेला असन," ते पुटपुटले, आणि मासा पोत्यात गुंडाळून पुन्हा गळ टाकला.

आता ऐका.

दुसऱ्यांदा दोरी हलली ती एकदम नाही. हळूच, दोन बोटांनी कुणी चाचपावी तशी. मग सर्रकन पळाली. रीळ ओरडायला लागलं. आबाजी उठून उभे राहिले, चेहरा असा फुलला की मला त्यांच्यात पहिल्यांदा कुंदा दिसली. "हा माशांचा बाप आहे बे!" ते ओरडले. दोरी पळत गेली, डोहाच्या मध्यावरून पुढे, पार पलीकडच्या काठाशी. आबाजींनी रीळ धरलं. दोरी ताठ झाली.

आणि पाण्यातून वर उचलली गेली.

नीट समजून घ्या. मासा पाण्यात असतो, त्यामुळे दोरीचं दुसरं टोक पाण्यात असतं. इथे अख्खी दोरी पाण्याबाहेर आली. उन्हात तिच्यावरून थेंब गळत होते, एकेक थेंब मला दिसत होता. आबाजींच्या काठीपासून निघून डोहावरून सरळ, त्या मातीच्या भिंतीवर चढून, ती टणटणीच्या झुडपात गेली होती. तिथून कुणीतरी ओढत होतं. जमिनीवरून.

"नाटक्या," आबाजी हळू आवाजात म्हणाले, "पलीकडं कोण दिसून राहिलं तुले?"

"कोणीच नाही, आबाजी."

ते मी बोललो याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. ते झुडपाकडे पाहून गरजले, "कोण आहे बे तिकडं? सोड दोरी! हाडं मोडीन!"

झुडपात पान हललं नाही. दोरी मात्र एकदम ढिली पडली. आबाजींनी घाईनं रीळ गुंडाळायला घेतलं, आणि गुंडाळता गुंडाळता असा हिसका बसला की ते दगडावरून गुडघाभर पाण्यात. पुन्हा ढील. पुन्हा हिसका. ढील देऊन दम खाऊ द्यायचा, बेसावध झाला की ओढायचं. मला यातलं काही कळत नव्हतं. आबाजींना कळत होतं. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. माझ्या पावडरीला इतका पांढरा रंग कधी जमला नाही.

"हा शिकलेला हात आहे," ते म्हणाले. "हा मले खेळवून राहिला."

कुणी शहाणा माणूस तिथेच काठी सोडून देईल. पण काठी मनगटाला बांधलेली, फास आवळून मांसात रुतलेला. आणि हेही लिहायला हवं, की सोडता आली असती तरी त्यांनी सोडली नसती. आता ते चिडले होते. "माह्यासंगं? माह्यासंगं खेळतो?" असं म्हणत, शिव्या देत, ते स्वतःही ढील देऊन ओढायला लागले. भर उन्हात, कंबरभर पाण्यात, एक रिटायर्ड गार्ड एका रिकाम्या झुडपाशी भांडत होता. दुसरा कुणी असता तर मी हसलो असतो.

मी चाऱ्याच्या डब्यातली सुरी उचलली. "आबाजी, दोरी कापतो."

"हात लावला तं पोट्टी विसर!"

"तुमी बुडून राहिले ना!"

"बुडू दे! हात नाही लावाचा! नियम आहे!"

मी पाण्यात उतरलो आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो. हातात सुरी. इकडे माझं लग्न, तिकडे लग्नातले सासरेबुवा, आणि दोन्ही एकत्र वाचवायची सोयच नाही. तेवढ्यात मला दिसलं की ते सरळ पुढे ओढले जात नव्हते. ते डावीकडे वळत होते. दर हिसक्याला थोडे थोडे, त्या खिंडाराकडे. उथळ पाण्याकडे, वाळूकडे. दमलेला मासा शेवटी उथळात वळवून घ्यायचा असतो, हे त्याच सकाळी स्कूटरवर त्यांनीच मला शिव्या देता देता शिकवलं होतं. तिथून तो हातानं उचलता येतो.

पाणी त्यांच्या छातीला लागलं. आता त्यांच्या शिव्या बंद झाल्या होत्या. डोळे मोठे आणि गोल झाले होते, आणि तोंड नुसतंच उघडमीट होत होतं.

मी दोरी डाव्या हातात धरली आणि कापली.

तो स्पर्श मला आजही हातात जाणवतो. दोरी थरथरत होती. पलीकडच्या माणसाला... माणूस म्हणू का?... कळलं होतं की मी धरली आहे. तिच्यातून एक छोटीशी टिचकी आली. 'कोण रे तू?' विचारावं तशी. मग सुरी फिरली.

आबाजी पाठीवर पडले. मी त्यांच्या बगलेत हात घालून त्यांना काठावर ओढलं. मागे वळून पाहिलं, तर कापलेली दोरी पाण्यावरून परत चालली होती. एकसारखी, सावकाश, बेतानं, भिंतीवर चढून झुडपात. आणि त्या शांततेत पलीकडून आवाज येत होता... टिक टिक टिक टिक. रीळ गुंडाळल्याचा.

मग आवाज थांबला. आम्ही दोघं वाळूत बसलेलो, धापा टाकत.

झुडपाच्या वरून काहीतरी चमकत हवेत उडालं. मोठ्ठी कमान करून, अख्खा डोह ओलांडून, आमच्या पुढ्यात धप्पकन पडलं. जिवंत रोहू. तो तडफडत होता, आणि त्याच्या ओठाला गोल भोक होतं.

आणखी एक आला. धप्प. मग आणखी एक.

दगड अर्ध्यात पडेल म्हटलं होतं ना मी?

आबाजी त्या माशांकडे बघत होते. सुतळीनं सोललेलं मनगट छातीशी धरून, अगदी लहान आवाजात ते म्हणाले, "मासा सुटला की मी असाच करतो."

"काय करता?"

"पुन्हा चारा टाकतो."

पळालो आम्ही! काठी, डबा, पोतं, चपला, सगळं तिथेच. स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली, हा त्या दिवसातला एकमेव चांगला चमत्कार. परतीच्या रस्त्यावर आबाजी एक शब्द बोलले नाहीत. आता मला वाटत होतं, त्यांनी मला निदान एक शिवी तरी द्यावी.

घरी कुंदा फाटकातच उभी होती. भिजलेले आम्ही, आबाजींचं मनगट रक्ताळलेलं. ती काही विचारायच्या आत आबाजी म्हणाले, "यानं माह्या दोरीले हात लावला."

कुंदाचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की डोहाकडे परत जावं असं मला वाटलं. आबाजी आत गेले. तोवर मी कुंदाला डोहावरचं सगळं सांगितलं, माशांच्या ओठातल्या भोकासकट. मग ते कोरडे कपडे घालून बाहेर आले, बैठकीत बसले, आणि मला उभंच ठेवून कोर्टातल्यासारखं विचारायला लागले.

"नियम काय आहे बे?"

"लागलेल्या माशाले दुसऱ्याचा हात नाही."

"तू हात लावला?"

"लावला."

"मासा कोण होता?"

मी गप्प. त्या दिवशी मला गप्प बसणं चांगलंच जमायला लागलं होतं.

"मी होतो," आबाजी म्हणाले. "मासा मी होतो. म्हणजे दोरी त्याची होती. तू माहा नियम नाही मोडला, नाटक्या. तू त्याचा मोडला." ते उठले. खुंटीवरची हिरवी झेंडी काढली, झटकली आणि माझ्या हातात कोंबली. आवाजात माया नावाला नव्हती. "घे. पोट्टी देतो. पण कान उघडे ठेवून ऐक. माह्यासंगं त्याचं काही राहिलं नाही. ज्यानं मासा सोडवला, त्याच्यासंगं आता त्याचं वैर आहे. पाण्याजवळ काही फुकट भेटलं, तं घेऊ नको. समजलं?"

कुंदा तोपर्यंत आत जाऊन मधल्या दारात उभी राहिली होती. ती म्हणाली, "आबा, ते याआधीच्या सगळ्या माशांच्या ओठाले होतं. गोल भोक. मीच साफ करत होती ना. मले वाटलं, तुमच्याच गळाचं असन."

लग्न झालं. आबाजींनी पुन्हा कधी गळ धरला नाही, आणि माझ्याशी कधी गोडही बोलले नाहीत. अगदी शेवटच्या आजारपणातही मला 'नाटक्या, पाणी दे' म्हणाले, आणि भांडं हातात आल्यावर आधी आत वाकून पाहिलं.

मी मात्र हट्टी. लग्नाआधीच नाटकातल्या मित्रांना घेऊन, भर दुपारी, त्या पलीकडच्या काठावर गेलो. कुणीतरी चेष्टा केली असणार, लपून बसलं असणार, मी त्याची गचांडी धरणार, असा सगळा प्रवेश मनात बसवून ठेवला होता. झुडपं पार कड्यापर्यंत दाटलेली, उभं राहायला वीतभर जागा नाही, गवत दबलेलं नाही. पण अगदी कडेला, टणटणीच्या मधोमध, एक ताजं तोडलेलं बेचकं मातीत रोवलेलं होतं. आपण काठी टेकवायला रोवतो ना, तसंच. आपलं गुडघ्याएवढं असतं. याच्या टोकाला माझा हात पोचला नाही.

तुमच्यातले विद्वान आता स्पष्टीकरणं देतील. द्या! ऊन लागलं म्हणा, मगर म्हणा, खापरखेड्याच्या कुणा टवाळाची करामत म्हणा. मी सगळी स्वतःला देऊन पाहिली आहेत, आवाज बदलून, हातवारे करून. एकही टिकलं नाही. मला आजही कळलेलं नाही की पलीकडे काय होतं. एवढंच लिहितो, की लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात गांधीसागर तलावाच्या पायऱ्यांवर, आम्ही बसलो होतो त्याच्या खालच्या पायरीवर, तळहाताएवढी एक मासोळी तडफडत होती. कुंदानं वाकून पाहिलं आणि मला हात धरून उठवलं. मग काही वर्षांनी फुटाळा तलावाच्या काठावर एक, हातभर लांब. मी पाण्याकडे जायचं टाळतो, पण नागपुरात संध्याकाळी माणूस बायकोला घेऊन जाणार कुठे?

मागच्या महिन्यात अंबाझरीच्या बांधावर आम्ही फिरत होतो. उजेड होता, माणसं होती, भुट्टेवाला होता. बांधाच्या दगडांवर, पाण्यापासून चांगला वर, माझ्या वाटेत आडवा, एक रोहू पडला होता. जिवंत. आजूबाजूला गळवाला कुणी नव्हता. मला हसायला यायला लागलं. खोटं कशाला बोलू, मला त्या पलीकडच्याच्या चिकाटीचं कौतुकच वाटतं!

कुंदा हसली नाही. ती वाकली, त्याच्या ओठाकडे पाहिलं, आणि मग माझी बाही घट्ट धरून, विंगेतून सांगायची तशा आवाजात म्हणाली,

"मागच्यापेक्षा मोठा आहे."